चोवीस बाटल्या

“बाटल्या धुणे.” हेमचंद्रानं हजेरीपटाचं पान उलटलं. “बाटल्या धुणे.” आणखी एक पान. “मुक्ताबाई, तुम्हीच बघा. मार्च चव्वेचाळीस, बाटल्या धुणे. एप्रिल, बाटल्या धुणे. कंपाउंडरचा दाखला मी लिहू कशाच्या आधारावर?”

मुक्ता दवाखान्याच्या फळीपलीकडे उभी होती. हातात पुण्याच्या परीक्षेचा छापील अर्ज. चार वेळा घडी घालून आणि चार वेळा उघडून तो मऊ पडला होता. त्यात लिहिलं होतं की उमेदवाराने दवाखान्यात सलग दोन वर्षं औषधं तयार करण्याचं काम केलेलं असावं आणि तसा डॉक्टरच्या सहीचा दाखला जोडावा. सातवीचा दाखला तिच्याकडे होता. हा नव्हता.

“दादासाहेब, औषधं मीच करत हुते. साऱ्या तिसगावला ठावं हाय.”

“तिसगावची सही चालत नाही ना.” हेमचंद्र वाईट माणूस नव्हता. नगरला त्याचा स्वतःचा दवाखाना होता आणि वडील गेल्यावर इथलं कपाट, खुर्ची, वह्या आवरायला तो आला होता. “अण्णा असते तर त्यांनी लिहिलं असतं. मी नगरला असायचो. सणावारी यायचो तेव्हा तुमच्या हातात बाटली धुवायचा ब्रश असायचा, तेवढं मी पाहिलंय. न पाहिलेलं लिहून उद्या कुणी विचारलं तर?”

“पर वहीत आसं का लिव्हलंय?”

ते मात्र दोघांनाही ठाऊक होतं. अण्णा, म्हणजे डॉक्टर विष्णुपंत, रोग्याची नाडी धरली की एकदम चोख होते आणि हजेरीची वही उघडली की अगदी ढिले. दर महिन्याच्या एक तारखेला मागचं पान समोर ठेवायचे आणि बघून बघून नवं पान उतरवून काढायचे. चाळीस साली मुक्ता सहा रुपयांवर बाटल्या धुवायला लागली, तेव्हा नावापुढे जे लिहिलं तेच सहा वर्षं उतरत आलं. पगाराचा आकडा तेवढा चौदावर गेला, कारण तो द्यावा लागायचा.

“उद्या संध्याकाळच्या मोटारीनं मी जाणार,” हेमचंद्र म्हणाला. “तोवर काही दाखवता आलं तर दाखवा. दोन वर्षं म्हणजे चोवीस महिने. एकही महिना मोकळा नको.”

मुक्ता घराकडे निघाली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. चैत्राची झळ अजून रस्त्यावरून उठत होती.

लोकल बोर्डाचा दवाखाना तिसगावातच निघणार होता. कंपाउंडरची जागा, पंचेचाळीस रुपये पगार, वर महागाई भत्ता. ही बातमी आली त्या दिवशी तिच्या सासूनं, केशरबाईनं, कपाळावर हात मारून घेतला होता. “पंचेचाळीस? अगं, मास्तराला तरी एवढा हाय का? अन् ते कुनाला, तर पान्यात रंग कालवनाऱ्याला!” पण त्याच संध्याकाळी मुक्तानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, सासू पाणवठ्यावर शेजारच्या गोजरबाईला सांगत होती, “आमची मुक्ती पुन्याला परीक्षेला चाललीय म्हनलं. मोठी परीक्षा हाय. इंग्रजी बाटल्यांची.”

बोर्डाची अट एकच होती. परीक्षा पास झालेला माणूस हवा. नसेल तर नगरहून कुणी पाठवू. म्हणजे दाखला नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर जागा नाही, आणि तीन वर्षं हातांनी शिकलेली विद्या हातांतच वाळून जाणार.

शिकली तरी कशी होती! तेव्हा नृसिंहपंत कंपाउंडर होते. ते पडद्याआड खल चालवायचे आणि कुणी डोकावलं की पाठ वळवायचे, जसं काही सोनंच गाळत होते. लढाईत नगरच्या छावणीतल्या इस्पितळात पगार दुप्पट मिळायला लागला तसे त्रेचाळीस साली ते एका रविवारी निघून गेले. सोमवारी दवाखान्यासमोर हिवतापाची चाळीस माणसं. अण्णा पडद्याआड आले.

“मुक्ते, नृसिंहपंत पुड्या कशा बांधायचे ते बघितलंस का कधी?”

“चोरून बघितलंय अण्णा.”

“मग आता उघडपणे बांध. मी समोर उभा आहे.”

त्या दिवसापासून अण्णांनी तिला शिकवायला घेतली. औंस, ड्रॅम, मिनिम. पातळ औषधाचं माप धरायला शिकवलं ते तर ती मरेपर्यंत विसरली नाही. “वरून पाहिलंस तर एक दिसेल, खालून पाहिलंस तर दुसरं. डोळ्यांच्या रेषेत धर, मगच खरं काय ते कळतं.” विषारी औषधांचं कपाट वेगळं, त्याची किल्ली तिच्या कमरेला. आणि एक नियम सगळ्यांत वरचा: ज्यानं औषध केलं त्यानं बाटलीच्या चिठ्ठीवर नंबर आणि तारीख लिहायची आणि कोपऱ्यात स्वतःचं अक्षर घालायचं.

“कशापायी अण्णा?”

“चूक झाली तर पळता येऊ नये म्हणून.”

मुक्ता घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. केशरबाई उंबऱ्यात बसून चिमणीत रॉकेल ओतत होती. रॉकेल रेशनचं, त्यामुळे थेंबाथेंबाला ती तोंडानं ‘हां, हां’ करत होती.

“काय म्हनला डाक्टरचा ल्योक?”

“बाटल्या धुनारी म्हनला.”

“मग तू काय म्हनलीस?”

“काय म्हननार? वहीत लिव्हलंय.”

“वहीत लिव्हलंय!” केशरबाईनं बाटली आपटली. “माझा खोकला काय त्या वहीनं बरा केला? मागच्या पटकीच्या साथीत आख्खी वस्ती वाचली ती काय बाटल्या धुवून? बोलायचंस की! तोंडात काय मिठाची गुळनी धरलीस?”

मुक्ता उत्तर देणार होती. पण तिची नजर त्या आपटलेल्या बाटलीवर गेली आणि तिथंच राहिली. औषधाचीच बाटली ती. लढाईच्या दिवसांत नवी बाटली कुठली मिळायला? रोग्यानं आपली बाटली आणायची, औषध संपलं की तीच बाटली घरात रॉकेलला, तेलाला लागायची. बाटलीच्या अंगाला कागदाची कातरलेली पट्टी अजून चिकटून होती, आणि दुसऱ्या बाजूला चिठ्ठी. तेलकट झालेली, पण अक्षर जसंच्या तसं. नंबर. ९-११-४४. आणि कोपऱ्यात ‘मु’.

“आत्याबाई,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका बदलला की सासूनं चिमणी खाली ठेवली. “आत्याबाई, हा नोव्हेंबर हाय!”

“आत्ता गं बया. चैत चाललाय. ऊन लागलं का तुला?”

तिनं सासूला समोर बसवून समजावलं. केशरबाईला वाचता येत नव्हतं, पण मतलब कळायला तिला अक्षर लागत नसे. तिनं पदर खोचला.

“म्हंजी अशा चोवीस पायजेत. येगयेगळ्या महिन्याच्या.”

“व्हय.”

“अन् उद्या बाजार हाय.”

“व्हय!”

“मग बसलीस काय मांडी घालून? ऊठ!”

दुसऱ्या दिवशी तिसगावच्या बाजारात जे झालं ते पुढं कित्येक वर्षं बायका हसून हसून सांगत. पहाटेपासून आठ कोसांतल्या बैलगाड्या यायच्या. केशरबाई वेशीपाशीच उभी राहिली. गाडी दिसली की हात आडवा. “तेला-रॉकेलाला आनलेली औषधाची बाटली हाय का? दिव्याची?”

दिव्याची म्हटलं की साऱ्यांना कळायचं, कारण ती मुक्ताची खूण होती. डोस दाखवायला बाटलीवर कातरलेली पट्टी सगळेच दवाखाने चिकटवत, एक खाच म्हणजे एक डोस. पण वस्तीवरच्या रतनबाईनं एकदा सहा खाचांचं औषध उभ्या उभ्या पिऊन टाकलं होतं. “एका दमात ताप जाईल म्हनलं,” असं तिनं नंतर सांगितलं. दोन दिवस ती झोपून होती आणि मुक्ताच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग मुक्तानं पट्टीच बदलली. सकाळच्या डोसाला भाकरीसारखा गोल काप, दुपारच्याला सरळ खाच, संध्याकाळच्याला दिव्याच्या ज्योतीसारखं टोक. भाकरी दिसली की सकाळी घ्या, दिवा दिसला की दिवा लावताना घ्या. कागद नव्हता म्हणून पट्ट्या जुन्या पंचांगाच्या, आणि झुरळांनी खाऊ नये म्हणून डिंकात चिमूटभर मोरचूद. अण्णांनी पहिली पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली होती. “हे कुठल्या पुस्तकात नाही,” ते म्हणाले होते. तिला वाटलं, रागावले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच घरची तीन वर्षांची पंचांगं आणून तिच्यापुढं टाकली.

दहा वाजेतो सात बाटल्या आल्या. बारापर्यंत चौदा. दवाखान्याच्या ओट्यावर मुक्तानं खडूनं चोवीस घरं आखली होती आणि एकेका घरात महिना बसत होता. रॉकेलची बाटली, करडईच्या तेलाची, मधाची, एकीत नाशिकहून आणलेलं गंगेचं पाणी. मालकिणी बाटलीसोबतच यायच्या आणि बाटलीपाशीच बसायच्या, कारण बाटली म्हणजे काय आज टाकली उद्या घेतली अशी वस्तू नव्हती.

“मुक्ते, माझं रॉकेल सांडलं तर तुझ्या चिमनीतलं वतून नेईन,” गोजरबाईनं बजावलं.

“न्हे की. चिमनीसकट न्हे.”

“अन् माझी बाटली पयल्या घरात का न्हाई? मी तर सकाळीच आले.”

“आवो, तुमाला आमांश आगस्टात झालता!”

सारा ओटा खिदळला. गोजरबाई पदर तोंडाला लावून ऑगस्टच्या घरापाशी बसली.

कुणाची चिठ्ठी पुसलेली निघायची, कुणाच्या चिठ्ठीवर ‘नृ’ असायचं, म्हणजे नृसिंहपंतांच्या वेळची. तशी बाटली आली की सगळ्या बायका “हात् तिच्या!” करून ती परत करायच्या, आणि जिची असेल ती हिरमुसून म्हणायची, “पर औषध लई कडू हुतं वो, चालवून घ्या की.” रतनबाई दुपारी आली ती दोन बाटल्या घेऊन. एक मे पंचेचाळीसची, एक ऑक्टोबरची.

“त्यो तुमचा एका दमाचा ताप कुठल्या महिन्यातला?” मुक्तानं विचारलं.

“ती बाटली फुटली माय. माझ्या मालकानं फोडली. म्हनला, पुन्यांदा ही इखाची बाटली घरात नगं.”

जून पंचेचाळीस मिळेना. मुक्ताचा नवरा सहादेव, लढाईत मोटार चालवून आलेला शांत माणूस, सकाळपासून लांबून सगळं बघत होता. तो सायकल काढून निघाला आणि दीड तासानं घामाघूम होऊन आला. खिशातून पिवळट बाटली काढून त्यानं जूनच्या घरात ठेवली. “मारुतीच्या देवळात हुती. नंदादीपाच्या तेलाची. पुजाऱ्याला सांगून आनलीय, सांजच्याला परत द्यायचीय.”

बायकांनी टाळ्याच पिटल्या. केशरबाईनं लेकाकडं असं पाहिलं की जणू तो आत्ताच लढाई जिंकून आला. “देवानंच सही केली गं!” ती ओरडली. तीन वाजता तेवीस घरं भरली होती. आतल्या खोलीत हेमचंद्र ट्रंक भरत होता.

चोविसावं घर रिकामं होतं. फेब्रुवारी सेहेचाळीस. शेवटचा महिना.

“कुनाकडं तरी असंल,” केशरबाई म्हणाली. “गावाला परत इचारू.”

खडू हातात धरून मुक्ता त्या रिकाम्या घरापाशी उकिडवी बसून राहिली. तिला आत्ता आठवलं होतं. फेब्रुवारीत दवाखाना बंदच होता. अण्णा अंथरुणाला खिळले होते ते पुन्हा उठलेच नाहीत. त्या महिन्यात तिनं औषध केलं ते एकाच माणसाचं, आणि ती बाटली गावात कुणाच्या घरी नव्हती.

हेमचंद्र बाहेर आला. ओट्यावरची गर्दी, रांगेनं मांडलेल्या बाटल्या, त्यांच्यामागे बसलेल्या त्यांच्या मालकिणी. त्यानं चष्मा पुसला. पहिली बाटली उचलून डोळ्यांच्या रेषेत धरली, अगदी अण्णांसारखी, आणि चिठ्ठी वाचली. आत जाऊन रोग्यांची वही आणली. अण्णांच्या अक्षरातला नंबर आणि बाटलीवरचा नंबर लावून पाहिला. मग दुसरी, मग तिसरी. बायका माना उंचावून बघत होत्या.

“हे ‘मु’ तुमचंच?”

“व्हय.”

“माझंही अक्षर असायचं इथं. कॉलेजात होतो तेव्हा सुट्टीत अण्णा मला खलावर बसवायचे.” तो किंचित हसला. “एकदा विसरलो तर सबंध बाटली ओतून टाकायला लावली होती. अक्षर नाही तर औषध नाही.”

तो एकेक घर पुढे सरकत गेला. मार्च, एप्रिल, मे. देवळातली बाटली त्यानं हात पुसून उचलली. शेवटी रिकाम्या घरापाशी येऊन थांबला.

“फेब्रुवारी?”

“न्हाई मिळाली,” मुक्ता म्हणाली. खडूकडे बघत म्हणाली.

“अवो, एकाच महिन्यापायी काय आडवता?” केशरबाई पुढं झाली. “तेवीस हाईत की! एक म्हंजी...”

“आत्याबाई, ऱ्हाऊ द्या.”

तिच्या बोलण्यात काहीतरी होतं. हेमचंद्रानं तिच्याकडे पाहिलं. रोग्यांच्या वहीतलं शेवटचं पान उघडलं. जानेवारीची एकोणतीस तारीख, त्यापुढे कोरं. त्या कोऱ्या पानावरून त्यानं बोट फिरवलं. मग वही मिटून आत गेला. आतल्या खोलीत, जिथं अण्णांची खाट होती, तिथं कपाटाचं दार वाजलं.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक बाटली होती. खाटेशेजारच्या कोनाड्यातली. त्यानं ती आवरून ठेवली होती, पण बांधली नव्हती, टाकलीही नव्हती. वाकून त्यानं ती चोविसाव्या घरात ठेवली. चिठ्ठीवर २१-२-४६, आणि कोपऱ्यात ‘मु’.

ओट्यावर कुणी टाळी वाजवली नाही. गोजरबाईनंसुद्धा नाही.

दाखला लिहायला पाव तास लागला. हेमचंद्रानं तो वाचून दाखवला. श्रीमती मुक्ताबाई सहादेव यांनी या दवाखान्यात चोवीस महिने सलग औषधं तयार केली, ती मी स्वतः पाहिली आहेत. ‘पाहिली’ या शब्दावर तो जरासा अडला, पण बदलला नाही. सही केली, तारीख घातली. मग हजेरीपट उघडून टाक हातात घेतला.

“हे खोडून दुरुस्त करू का? बाटल्या धुणे?”

मुक्ता म्हणाली, “खोडू नका दादासाहेब. बाटल्याबी म्यांच धुतल्यात.”

पुढं ती पुण्याला गेली, सहादेवाबरोबर. तीन दिवसांची परीक्षा दिली, पास झाली. बोर्डाच्या दवाखान्यात वीस वर्षं तिनं काम केलं आणि छापील चिठ्ठ्या आल्या तरी कोपऱ्यात ‘मु’ घालायचं सोडलं नाही. पहिल्या पगारातून तिनं सासूला इरकली लुगडं घेतलं. केशरबाई म्हणाली, “पान्यात रंग कालवून एवढं मिळतं, आधी म्हाईत असतं तर मीच कालवला असता.”

पण त्या संध्याकाळी हे काहीच ठाऊक नव्हतं. बायका आपापल्या बाटल्या घेऊन गेल्या. सहादेव देवळातली बाटली पोचवायला गेला. ओट्यावर खडूची रिकामी घरं आणि एकच बाटली उरली. मुक्तानं सवयीनं ती उचलली, बूच काढलं, वास घेतला. औषध बिघडलं होतं. अशी बाटली ओतून, गरम पाण्यानं धुऊन ठेवायची, असा अण्णांचाच नियम होता.

“धुवायची का?” तिनं विचारलं.

हेमचंद्रानं ती तिच्या हातातून घेतली. उजेडाकडे तोंड करून डोळ्यांच्या रेषेत धरली. शेवटच्या दिवसाचा भाकरीचा गोल रिकामा होता. औषध बरोबर दुपारच्या खाचेला टेकलं होतं, आणि खाली दिवा भरलेला होता.

“सकाळचा घेतला होता त्यांनी,” तो म्हणाला.

“व्हय. मीच दिल्ता.”

तिनं बूच घट्ट लावून दिलं. मोटारीचा भोंगा वाजला. ट्रंक, वह्या, खुर्ची सगळं टपावर चढलं. बाटली मात्र त्यानं टपावर दिली नाही. खिडकीपाशी बसून दोन्ही हातांनी मांडीवर धरली, खड्ड्यांतून जाताना हिंदकळू नये म्हणून, सरळ उभी.